सुनेला शिकवलेली बेरीज

आमचा मुलगा मर्चंट नेव्हीत आहे. कोचीला एका कोर्ससाठी म्हणून गेला आणि सर्टिफिकेटाच्या जोडीला लग्न ठरवून आला. मुलगी फिजिओथेरपिस्ट, केरळची, उंच, हसरी, आणि मराठीचा एकही शब्द न येणारी. ही बातमी ऐकून आमचे हे म्हणाले, "बरं झालं. ज्याच्या मराठीत तुला चुका काढता येणार नाहीत, असं एक तरी माणूस घरात येतंय."

मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं. निवृत्त झाले आणि हाताखाली कुणी उरलं नाही. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याने पाटीवर 'कोथींबिर' लिहिलं होतं, ते मी पर्समधल्या खडूने नीट करून आले होते. हो, निवृत्तीनंतरही माझ्या पर्समध्ये खडू असायचा. दुसऱ्या दिवशी त्याने ते सगळंच पुसून 'धनिया' लिहिलं. माझ्या हातून मराठीची जी सेवा झाली, ती साधारण अशी.

लग्न झालं आणि गणपती झाल्यावर मुलगा बोटीवर गेला. सून घरात बसून कंटाळली आणि दिवाळीनंतर तिने जुन्या पनवेलमधल्या एका क्लिनिकमध्ये नोकरी धरली. तिथे येणाऱ्या बहुतेक बायका उरण रस्त्याच्या गावांमधल्या, साठीच्या पुढच्या. उमेदीत मिठागरांत राबलेल्या, भाताची लावणी केलेल्या. आता मुलांकडे जमिनीचा पैसा आहे, दारात मोठ्या गाड्या आहेत, पण गुडघे जुन्या कष्टांचेच. त्यांना हिंदी नको, इंग्रजी तर नकोच. सून पहिल्या आठवड्यातच घरी येऊन हिंदीत म्हणाली, "आई, मला मराठी शिकवा."

या वाक्याची मी किती आतुरतेने वाट पाहत होते, हे तिला कळलं असतं तर तिने ते उच्चारलं नसतं. दुसऱ्याच दिवशी मी हॉलमध्ये पांढरा फळा लावून घेतला. ह्यांनी टीव्ही निमूटपणे बेडरूममध्ये हलवला.

पहिल्याच तासाला मी तिला गुरुकिल्ली दिली. "मराठी सोपी आहे," मी म्हटलं. "शब्द फोडायचा, तुकड्यांचे अर्थ घ्यायचे आणि बेरीज करायची. देव अधिक घर, देवघर. पाठ अधिक दुखी, पाठदुखी."

"मानदुखी," ती लगेच म्हणाली. "कंबरदुखी. गुडघेदुखी."

"शाब्बास!"

तिचं अर्धं काम त्या एका शब्दावर भागलं. पोरगी हुशार, आणि मला तर वाटलं आपली पद्धतच अशी की कुणीही शिकेल. मी बहिणीला फोन करून सांगितलंसुद्धा, की महिनाभरात ही वर्तमानपत्र वाचते की नाही बघ.

पहिला मिठाचा खडा लाडवांनी टाकला. शेजारची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती, त्यांच्याकडून डबा आला. सुनेने एक लाडू उचलला आणि विचारलं, "आई, डिंकाचे लाडू म्हणजे डिंकापासून केलेले?"

"हो."

"मेथीचे लाडू मेथीपासून?"

"बरोबर."

"आणि हे कसले?"

"हे बाळंतिणीचे लाडू."

"बाळंतीण म्हणजे?"

"नुकतंच बाळ झालेली बाई."

तिने लाडू हळूच डब्यात परत ठेवला.

मी घाईघाईने सांगितलं की ते बाळंतिणीपासून नव्हे, बाळंतिणीसाठी केलेले असतात. तिने विचार केला. "मग 'पासून' की 'साठी', हे कसं कळायचं?"

"कळतं," मी म्हटलं. ज्या प्रश्नाचं उत्तर मला येत नसे, त्याला मी वर्गातही हेच उत्तर देत असे. फरक इतकाच, की वर्गातली मुलं पुढे काही विचारत नसत. ही म्हणाली, "तुम्हाला कसं कळलं?" मी तिला लाडू खायला सांगितला.

दुसरा खडा आमच्या सोसायटीच्या चेअरमनचा. गृहस्थ पंचाहत्तरीचे, दिसेल त्याची हसून चौकशी करणारे. गळक्या टाकीबद्दल मी त्यांच्याकडे तीनदा जाऊन आले होते आणि ते तीनदा "बघतो हं ताई" म्हणाले होते. त्या रागात मी सुनेसमोर म्हणून गेले, "त्यांचं सगळं तोंडदेखलं असतं."

त्यानंतर काही दिवस ही चौथ्या मजल्यावरून जिन्याने जाऊ-येऊ लागली. मला वाटलं, व्यायाम करत असेल. शेवटी एकदा भाजीच्या पिशव्या घेऊन धापा टाकत आली तेव्हा मी विचारलं, "लिफ्ट बंद आहे का?"

"लिफ्टमध्ये चेअरमन अंकल होते."

"मग?"

ती कानात सांगावं तसं म्हणाली, "तुम्हीच सांगितलं. तोंड अधिक देखलं. आमच्या मल्याळममध्ये पण सेम शब्द आहे. 'वायनोक्की'. वाय म्हणजे तोंड, नोक्की म्हणजे बघणारा. मुलींकडे टक लावून बघत बसणारा माणूस."

त्या बिचाऱ्या म्हाताऱ्याने जन्मात टाकीकडेसुद्धा टक लावून पाहिलं नव्हतं. मी तिला समजावलं की आपल्याकडे तोंडदेखलं म्हणजे तोंडावर गोड, मनापासून नाही असं. ती फळ्याकडे बघत राहिली. "म्हणजे तेच दोन शब्द, तशीच बेरीज, आणि उत्तर वेगळं?"

शहाण्या माणसाने इथे फळा उतरवून ठेवला असता. मी म्हटलं, "हा अपवाद." अपवाद हा शब्द मराठीच्या शिक्षकाला म्हातारपणच्या काठीसारखा. मी तिला पुढचा धडा दिला. आपल्याला आपोआप जे होतं, ते मराठीत 'मला' लावून सांगायचं. मला भूक लागली. मला ताप आला. मला झोप आली. मला कंटाळा आला. तिने तो धडा मन लावून घोकला.

पुढचं सगळं त्या धड्यातून निघालं, पण ते मला फार उशिरा कळलं.

क्लिनिकमध्ये जासईकडची एक आजी येत असे. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, पण पाय वाकवायचं नाव नाही. सून पाय हातात घेऊन वाकवायला लागली की आजी छत हलेल एवढी ओरडायची. घरी व्यायाम करायचा नाही आणि विचारलं की डोळे मिटून घ्यायचे. सून रोज तिच्याबद्दल सांगायची. आणि एके दिवशी संध्याकाळी उड्या मारतच घरात शिरली.

"आई, आज आजीने स्वतः पाय वाकवला! मी हात लावायला गेले तर म्हणाली, तू नको, मी करते. आणि एकटी आजी नाही, सगळ्याच. मला कुणी खुर्चीसुद्धा उचलू देत नाही. 'बस गो बाय, बस गो बाय' करतात."

"तू त्यांच्याशी काय बोललीस?"

"मराठी बोलले!"

मला भरून आलं. भाषा बोललं की माणसं कशी आपली होतात, यावर मी ह्यांना जेवताना छोटंसं व्याख्यान दिलं. ह्यांनी दोनदा आमटी मागून घेतली.

पुढच्याच आठवड्यात दुपारी बेल वाजली. दारात काठी टेकत एक म्हातारी उभी. वर खोचलेलं लुगडं, गळ्यात घसघशीत सोनं, मागे दोन पिशव्या घेतलेला ड्रायव्हर. हीच ती जासईची आजी, हे मी तिच्या गुडघ्याच्या पट्ट्यावरून ओळखलं. सून तेव्हा क्लिनिकमध्येच होती.

आजी सोफ्यावर बसली आणि पिशव्या माझ्याकडे सरकवल्या. एकीत कैऱ्या आणि चिंचेचा गोळा, दुसरीत करंजा बंदरावरून आणलेला सुका जवळा.

"पोरीला आंबट खावंसं वाटंल," ती म्हणाली.

"कोणत्या पोरीला?"

"तुज्या सुनंला गो. दिवस गेलं ना तिला."

मी उभी होते ती बसले.

"तिनंच सांगितलं आमाला," आजी म्हणाली. "मी इचारलं, नवरा बोटीवं, करमतंय का गो तुला? तर हसली, बोलली, मला दिवस गेले. तवापासना आमी सगल्या आमचं पाय आमीच उचलतो. तिला जोर नाय लावू देत." मग माझा चेहरा बघून तिने भुवया वर केल्या. "तुला ठाव नाय?"

घरातली गोष्ट बाहेरच्या बाईकडून कळली, हे कबूल करायला जो मोठेपणा लागतो तो माझ्याकडे नाही. मी म्हटलं, "ठाऊक आहे की! तीन महिने होईपर्यंत सांगायचं नव्हतं, इतकंच."

"पोरगा कवा येऊन गेला घरी?"

"चहा घेणार ना?" मी म्हटलं आणि स्वयंपाकघरात पळाले.

आजी गेल्यावर मी बोटं मोजत बसले. मुलगा गणपतीनंतर गेलेला. आता कैऱ्या आलेल्या. मधे तो एकदाही आला नव्हता. त्याच्यापासून असतं तर एव्हाना डोहाळजेवण उरकून गेलं असतं, आणि सुनेचं पोट तर परटाने इस्त्री केल्यासारखं सपाट. मी पुन्हा मोजलं. दोन्ही हातांनी मोजलं. गणित माझं कच्चं आहे, पण इतकं कच्चं नाही.

हे तलावावरून फिरून आले तेव्हा मी कैऱ्या मांडीवर घेऊन बसले होते. सगळं ऐकून म्हणाले, "तिला विचार."

"असं कसं विचारणार?"

"मराठीत विचार. तूच शिकवलंयस."

मी ठरवलं की काही झालं तरी आदळआपट करायची नाही, आपण सुशिक्षित आहोत. सून आली, हातपाय धुऊन चहा घेऊन समोर बसली. हे पेपर उघडून कोपऱ्यात बसले, पण पान उलटत नव्हते. मी घसा साफ केला.

"तुला... जड जातंय का गं?"

"हो आई," ती लगेच म्हणाली. "सुरुवातीला फार जड गेलं. आता सवय झाली."

"मला कळलं, तुला दिवस गेलेत."

तिचा चेहरा उजळला. "हो! मी क्लिनिकमध्ये पण सांगितलं, त्या सगळ्या खूश झाल्या."

"किती?"

"चार महिने."

चार! मुलगा जाऊन सात होत आले होते. मी कपाचा कान घट्ट धरला. "चार महिने... कुठे?"

"क्लिनिकमध्ये," ती म्हणाली. आणि मग माझ्याकडे प्रेमाने बघत म्हणाली, "फार छान गेले, आई."

डोळ्यांसमोर ते क्लिनिक आलं, त्याचे मालक असलेले टकले डॉक्टर आले, बोटीच्या डेकवर एकटा उभा असलेला माझा मुलगा आला. मी जन्मभर मुलांना वाक्प्रचार शिकवले, पण एखाद्या वाक्प्रचाराने असं कंबरडं मोडलं नव्हतं. मी कपाळाला हात लावला.

"आई, डोकेदुखी?" सुनेने काळजीने विचारलं.

ह्यांनी पेपर खाली ठेवला. "ही तुला विचारतेय," ते शांतपणे म्हणाले, "की तू प्रेग्नंट आहेस का."

सून आधी ह्यांच्याकडे, मग माझ्याकडे बघत राहिली. "प्रेग्नंट? मी? कशी असणार?"

"तू म्हणालीस ना, मला दिवस गेले म्हणून!" मी म्हटलं.

"गेले ना. दिवस. एक दिवस गेला, दोन दिवस गेले, चार महिने गेले." ती फळ्याकडे बोट दाखवू लागली. "मला भूक लागली, मला ताप आला, मला दिवस गेले. चूक आहे?"

मी फळ्याकडे पाहिलं. माझ्याच वळणदार अक्षरात सगळं लिहिलेलं होतं. चूक कुठेच नव्हती. आयुष्यभर ज्या ज्या उत्तरपत्रिका तपासल्या, त्यांत इतकं नियमाला धरून वाक्य मी पाहिलं नव्हतं. पूर्ण मार्क द्यावे लागले असते. दिवसही बरोबर, गेलेही बरोबर, मलाही बरोबर, आणि तिन्ही एकत्र आले की चौथंच काहीतरी जन्माला येतं, जे त्या तिघांपैकी कुणातच नव्हतं.

मी तिला अर्थ सांगितला. ती आधी इतकी हसली की चहा टेबलावर सांडला. "म्हणून आजी पाय उचलायला लागली!" म्हणाली, आणि पुन्हा हसली. हेही हसले. मीही हसू लागले, सुटकेचं. मग ती हळूहळू थांबली.

"पण आई," ती म्हणाली, "मी चार महिने म्हटल्यावर तुम्ही काय समजलात?"

मी फळा पुसायला उठले. तिला उत्तर कळलं. तिने सांडलेला चहा पुसला, कप विसळून ठेवला आणि आपल्या खोलीत गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

सकाळी मी तिच्यासाठी कॉफी केली. मला कॉफी करता येत नाही, त्यामुळे ती माफी मागण्यासाठीच केली आहे हे कुणालाही कळलं असतं. तिने एक घोट घेतला आणि कप ठेवला.

"माझं मराठी कच्चं आहे," ती म्हणाली. "पण आई, तुम्ही मला ओळखता ना?"

"चुकलं माझं," मी म्हटलं. इतकं साधं वाक्य, पण ते सरळ तोंडाबाहेर यायला मला रात्रभर लागलं होतं. त्याआधी मी तीन लांबलचक वाक्यं तयार केली होती आणि तिन्हींत चूक थोडीथोडी दुसऱ्यांवर ढकललेली होती.

तिने मान हलवली. मग म्हणाली, "आता क्लिनिकमध्ये चला. तुमच्या सगळ्या मैत्रिणींना सांगायचं आहे."

त्या माझ्या मैत्रिणी नव्हत्या, पण हे सांगायची ती वेळ नव्हती. आम्ही दोघी रिक्षाने गेलो. ओळीने पाच-सहा बायका बसल्या होत्या, मधे जासईची आजी. सून त्यांच्यासमोर उभी राहिली आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "मला दिवस गेले नाहीत."

एकीने पदर तोंडाला लावला. आजीचे डोळे भरून आले. "अगो बाय," ती म्हणाली, "कवा झालं हे? आन आज लगेच कामावं आली?" दुसरी माझ्याकडे वळून रागाने म्हणाली, "सासू ना तू? चार दिवस निजवायची नाय तिला?"

मी पुढे झाले. अशा प्रसंगी नेमकं बोलावं, संदिग्धता राहू नये, या विचाराने मी म्हणाले, "नाही नाही, गैरसमज झालाय. ती मुळात गरोदर नव्हतीच. तिच्या विधानात केवळ कालावधी व्यतीत झाल्याचा आशय अभिप्रेत होता."

बायका माझ्याकडे बघत राहिल्या. आजीने सुनेला विचारलं, "काय बोलतंय ही?"

आणि केरळहून आलेल्या माझ्या सुनेने माझ्या मराठीचं त्यांच्या मराठीत भाषांतर केलं. ती म्हणाली, "आजी, पोर नाय. नुसतं दिवस. सोमवार, मंगलवार, बुधवार. ते गेले."

मग आजी अशी हसली की तिची काठी खाली पडली. बाकीच्याही हसल्या. हसणं ओसरलं तशी आजी टेबलावर आडवी झाली, डोळे मिटले आणि म्हणाली, "मंग आता उचल माजा पाय."

दोन दिवसांनी सुनेने ही गोष्ट मुलाला फोनवर सांगितली. तो खूप हसला आणि मग त्याने मला फोन द्यायला सांगितलं. तो काय बोलला ते मी इथे लिहीत नाही. एवढंच सांगते, की ते शुद्ध मराठीत होतं आणि त्यातल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ मला नीट समजला.

मराठीचे माझे तास तिने बंद केले असं नाही, पण ते आपोआप कमी होत गेले. ती क्लिनिकमध्येच शिकू लागली. तिथे कुणी शब्द फोडत नाही. कुणी "मेली थंडी" म्हणालं की ती बघते, थंडी कमी झाली की नुसता वैताग आला. कुणी "हात दाखव" म्हणालं तर नाडी बघायची आहे की भविष्य, हे ती बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ठरवते. घरी येऊन ती "मी उद्या उशिरा येनार हाय" असं म्हणते, आणि मी 'येणार आहे' असं मनातल्या मनात तीनदा म्हणते. मनातच. ह्यांचं माझ्याकडे बारीक लक्ष असतं.

वैशाखात आजीच्या नातवाचं लग्न निघालं. हळदीला आम्हा सगळ्यांना आमंत्रण. अंगणात मांडव, कानठळ्या बसवणारी गाणी, आणि मांडवाच्या मधोमध माझी सून त्या बायकांबरोबर नाचत होती. मला आजीने आपल्या शेजारच्या खुर्चीत बसवलं होतं. पलीकडे बसलेल्या तिच्या बहिणीने, बोलायला काहीतरी हवं म्हणून, मला विचारलं, "तुमी काय करायच्या आधी?"

"मराठी शिकवायचे," मी म्हटलं.

तिने थोडा विचार केला. "कोनाला?"

मी उत्तर शोधत होते तोवर तिने माझ्या ताटलीत आणखी दोन वडे वाढले आणि म्हणाली, "खा, खा."